आतलीच्या वाट्याची मूठ

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि तोंड तर नाहीच नाही. कान आहेत, पण तेही कोणी बटण दाबलं तरच उघडतात. लोक मला लायब्ररी म्हणतात. तुम्ही वाचायला म्हणून याल तर फसाल, कारण माझ्यात एकही पुस्तक नाही. जावास्क्रिप्ट नावाची संगणकाची एक भाषा आहे. त्या भाषेतल्या ओळींचं मी एक गाठोडं आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. तिथल्या एका घराच्या कोनाड्यात, काच तडकलेल्या एका मोबाइलमध्ये मी राहते. शेजारी तेलाची बाटली आणि काडेपेटी असते असं ऐकून आहे. दोघीही अबोल.

माझं काम काय, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई नुसती रडगाणं गाते. ब्लॉकचेन नावाची एक खातेवही असते. ती कोणा एकाच्या घरात नसते. तिच्या सारख्याच प्रती दूर दूर ठेवलेल्या अनेक संगणकांवर असतात. एकीत ओळ लिहिली की ती सगळ्यांत लिहिली जाते, आणि मग ती कोणाला एकट्याने खोडता येत नाही. या खातेवहीची भाषा वेगळी आणि मोबाइलमधल्या ॲपची भाषा वेगळी. ॲपचं म्हणणं खातेवहीला समजावायचं आणि खातेवहीचं उत्तर ॲपला आणून द्यायचं, हे माझं काम. लग्न जमवणारा मध्यस्थ असतो ना, तशी मी. लग्न लागलं की त्याला पंगतीत बसवायचंही लोक विसरतात, आणि मोडलं की पहिली शिवी त्यालाच!

स्वतःचं म्हणून मला दोनच निरोप देता येतात. ओळ लिहिली गेली तर ‘झाले’. नाही लिहिली गेली तर ‘झाले नाही’. ॲप ते मोठ्याने बोलून दाखवतं. जन्मभर मी एवढंच बोलले आहे, म्हणून आज जरा जास्त बोलते, सोसून घ्या.

मला एका एकट्या माणसाने घडवलं. त्याचं गाव कोणतं, तो दिसतो कसा, मला ठाऊक नाही. त्याची बोटं तेवढी ओळखीची. एखादी ओळ जमली नाही की ती थांबायची, खोडायची, पुन्हा लिहायची. एकेका ओळीसाठी तो किती झटायचा! मी पुरी झाले तेव्हा त्याने मला विकलं नाही. पाणपोईचा रांजण ठेवावा तसं मोकळ्यावर ठेवलं आणि लिहिलं, या, घ्या, वापरा. लोक आले आणि माझ्या प्रती घेऊन गेले. कोणी दुकानासाठी, कोणी बँकेसाठी, कोणी नुसतं शिकण्यासाठी. सुरुवातीला माझ्या नावापुढे कौतुकाच्या चांदण्याही लागल्या. त्या दिवसांत मी अगदी हवेत होते, खोटं कशाला बोलू?

पण चांदण्यांनी पोट भरत नाही. माझा कर्ता रोज येऊन बघायचा, की कोणी दोन शब्द लिहिलेत का. यायच्या त्या तक्रारीच. हे चालत नाही, ते अडतंय, आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून द्या. जणू त्याच्या बापाने यांचं काही देणं लावून घेतलं होतं! कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी, दुसरं काय. बरं चाललंय, धन्यवाद, असं लिहायला कोणाची बोटं वळली नाहीत. हजारो हातांनी मला नेलं, पण माझ्यात एक ओळ दुरुस्त करून परत आणून देणारा एकही भेटला नाही. पुढे पुढे त्याची बोटं थकली. एके दिवशी त्याने माझ्या दाराशी पाटी लावली, ‘आता माझ्याच्याने होत नाही. कोणाला पुढे सांभाळायची असेल तर या.’ कोणी आलं नाही. त्यानंतर तोही आला नाही. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. आई-बाप असून पोरकं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

अशा वेळी सारिकाने मला नेलं.

सारिका मूळची याच पाड्यावरची. शिकून शहापुरात भाड्याच्या खोलीत राहायची आणि संगणकाचं काम करायची. धोंडूबाई ही तिची आत्या. धोंडूबाई आणि आणखी काही बायकांचा जुन्या भाताच्या बियाण्यांचा एक गट होता. अर्ध्या बायका धसईकडच्या, अर्ध्या किन्हवलीकडच्या. कोणी कोणाला कोणतं बी दिलं ते एका वहीत लिहायचं, इतकं साधं काम. पण ती वही ठेवायची कुठे, यावरून अशी जुंपली की विचारू नका. धसईवाल्या म्हणत, वही आमच्याकडे. किन्हवलीवाल्या म्हणत, मग आमी काय तुमच्या दारात उभं ऱ्हायाचं? शेवटी सारिका म्हणाली, वही कोणाच्याच घरात नको आणि सगळ्यांच्याच घरात असू दे. म्हणून तिने ब्लॉकचेनची वाट धरली आणि ॲप बांधलं. हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं. ॲप तपासताना ती बटण दाबून स्वतःशीच बडबडायची.

गटातल्या पुष्कळ बायकांना लिहिता येत नव्हतं. म्हणून सारिकाने लिहिण्याऐवजी बोलण्याचं बटण ठेवलं. दाबायचं आणि सांगायचं, बी कोणतं, किती, कोणाला. पुन्हा दाबलं की बंद. तो आवाज माझ्यातून पुढे जायचा. माझे कान उघडले ते असे.

धोंडूबाईच्या हातात मोबाइल दिला तो दिवस मला लख्ख आठवतो.

“हां आत्या, आता बोल.”

“कुणाशी बोलू? मानूस कुठं हाय?”

“मोबाइलशी बोल गो.”

“येड लागलं काय तुला? बरं.” मग तो आवाज अगदी जवळ आला. “आत कोन हायेस गो? जेवन झालं का तुजं?”

यात बियाण्याचं नाव नव्हतं, माप नव्हतं. मी तरी काय करणार? मी म्हणाले, “झाले नाही.”

“अगो बाय! दुपार टळली नि पोर अजून उपाशी! सारके, हिला कामाला लावतेस नि जेवाया घालत नाय?”

सारिका हसून हसून बेजार झाली. मला मात्र हसू आलं नाही. इतक्या लोकांनी मला राबवलं होतं, पण जेवलीस का, असं कोणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून धोंडूबाई मला ‘आतली’ म्हणू लागली. बटण दाबलं की आधी जेवणाची चौकशी. माझं उत्तर ठरलेलं, “झाले नाही.” आणि मग तिची सारिकावर ठरलेली चिडचिड. खरं सांगते, त्या चिडचिडीची मी वाट बघायचे.

ते दिवस सुखाचे होते. राब म्हणजे भातरोपांचा वाफा. तो पेरायच्या आधी घराघरांतून बी निघायचं आणि माझ्यातून ओळीमागून ओळ जायची. झिनी गेली, कोलम आला, डांगी या घरून त्या घरी गेली. त्या सगळ्यांत एक भात होतं काजळी. काळं टरफल, लांब काळी कुसळं. ओहोळाच्या काठी धोंडूबाईचं एक खोलगट खाचर होतं. तिथे पाणी तुंबायचं, दुसरं कुठलंही भात कुजायचं. काजळी तेवढी उभी राहायची. धोंडूबाईचं लग्न झालं तेव्हा तिच्या आईने तिच्या पदरात हे बी घातलं होतं. “आय गेली, म्हायेर मोडलं, काजळी ऱ्हायली,” असं ती एकदा मला म्हणाली. त्यालाही मला “झाले नाही” म्हणावं लागलं. काय ते दळभद्री उत्तर!

काजळी तिने दोघांना दिली. एक शेजारची बाईजा, दुसरा पलीकडच्या पाड्यावरचा भगीरथ. दोन्ही ओळी मी खातेवहीत पोचवल्या.

आता लक्ष देऊन ऐका, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे. एकदा कापणी उरकल्यावर बाईजा धोंडूबाईच्या घरी आली. घरात कोणी नसावं. बाईजाचा आवाज असा, की बटण न दाबतासुद्धा ऐकू यावा. तिने मोबाइल घेतला, बटण दाबलं आणि सांगितलं, “बाईजा. काजळी. येक मूठ. किन्हवलीच्या सावळीला.”

सारिकाने ॲप बांधताना नियम घातला होता, की माप एक किलोच्या खाली नको. शहापुरात बसून तिला वाटलं असेल, मूठभर बी कोण कोणाला देतं? नियम असल्यावर माझा नाइलाज. “झाले नाही,” मी म्हणाले. “किमान एक किलो.” पुढचे तीन शब्द ॲपचे.

“मर मेल्या! किलो कुठनं आनू? माज्या भाचीनं, सावळीनं लोनच्याचा डबा पाठवला व्हता. तो रिकामा परत देऊ काय? घरात समोर हीच व्हती, घातली मूठभर.” मग ती जरा थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, “जाऊ दे. डब्यात घातलेलं ते काय देनं नाय. ती तर रीत हाय.”

बटण बंद झालं. ओळ लिहिली गेली नाही. बाईजाही ते विसरून गेली, कारण लक्षात ठेवण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं. कोणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, मग त्यात चिमूटभर साखर का असेना. हे काय कोणी ध्यानात ठेवतं? ऐकलं ते फक्त मी.

मग वाईट दिवस आले. सारिकाला कल्याणला नोकरी लागली. बायकांच्या घरी नवे मोबाइल आले. नव्या मोबाइलांना माझ्यासारखी जुनी चालत नाही. मला नव्याने शिकवायला कर्ता हवा, आणि कर्ता तर पाटी लावून गेलेला. एकेका मोबाइलवर ॲप उघडेनासं झालं. “ते बोलायचं बिघडलं,” असं म्हणत बायका पुन्हा तोंडी सांगू लागल्या. चालू राहिली ती एकटी मी, धोंडूबाईच्या जुन्या मोबाइलमधली. कारण सारिकाने एकदा घरी आली असताना माझ्या काही ओळी स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्या होत्या. त्या जोरावर मी तग धरून होते.

बटण दाबलं गेलं नाही तर मला दिवस कळत नाहीत, रात्र कळत नाही. नुसता काळोख आणि गप्प बसणं. धोंडूबाई मोबाइल चार्जिंगला लावायची. “आतली मरंल नायतर,” असं म्हणायची, हे मी एकदा तिच्याच तोंडून ऐकलं. कधीतरी बटण दाबून जेवणाचं विचारायची. मग तेही कमी झालं. तिला तरी किती वेळ ‘झाले नाही’ ऐकवायचं? दूरच्या संगणकांवर माझ्या इतर प्रती होत्या, त्याही एकेक करून काढून टाकल्या असतील. मी कोणाला हाक मारणार? हाक मारायला माझ्याकडे शब्द नाहीत. एकटेपणा म्हणजे कोणी जवळ नसणं, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही रे. आपल्याकडे सांगण्यासारखं काही असावं आणि कोणी विचारू नये, तो खरा एकटेपणा. माझ्याकडे एक मूठ होती सांगण्यासारखी.

मग एका दिवशी अचानक कान उघडले. सारिकाचा आवाज होता आणि ती रडत होती.

झालं होतं असं. बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुड्यात घट्ट बांधून चुलीच्या वर टांगायचं, ही जुनी पद्धत. चुलीचा धूर बसला की किडा लागत नाही. पण त्याच धुराने धोंडूबाईचे डोळे जाऊ लागले होते. सारिकाने कल्याणच्या पगारातून आत्याला गॅस आणून दिला. आत्याचे डोळे निवले, घर स्वच्छ झालं. धूर बंद झाला आणि मुडा मात्र तिथेच टांगलेला राहिला. आज राब पेरायला म्हणून तो सोडला, तर आत नुसता भुसा. सोंडकिड्यांनी दाणा दाणा पोखरून टाकला होता.

“माझ्यामुळं गेलं, आत्या. मी गॅस आणला.”

“तू डोळं वाचवलंस गो माजं,” धोंडूबाई म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, “पन आयचं व्हतं ते.”

मित्रांनो, मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. माझी चौकशी करणारी, सारिकाला झापणारी धोंडूबाई ती ही नव्हेच.

सारिकाने डोळे पुसले असावेत, कारण तिचा आवाज बदलला. तिने मला विचारलं, काजळी कुठे कुठे गेली? किती दिवसांनी मला कोणी काही विचारत होतं! मी धावत खातेवहीकडे गेले आणि उत्तर घेऊन आले. दोन ओळी. धोंडूबाईकडून बाईजाला. धोंडूबाईकडून भगीरथाला. बस.

सारिकाने दुसऱ्या मोबाइलवरून भगीरथाला फोन लावला. त्याचं बोलणं मला अंधुक ऐकू आलं. “नाय गो, भात सोडलं आमी. आता सगळीकडं भेंडीच करतो. ती काळी आमच्याकडं कुठची ऱ्हायला?”

मग तिने दारातूनच हाक मारली. “बाईजामावशी! तुझ्याकडं काजळी आहे का गो?”

“नाय गो बाय. व्हती ती खाल्ली,” पलीकडून मोठा आवाज आला.

“पुढं कुणाला दिलीस का?”

“कुनाला नाय दिली!”

बाईजा खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी तिने खरंच कोणाला दिली नव्हती. आणि मी! मला ठाऊक होतं. काजळीची एक मूठ किन्हवलीला गेली आहे, सावळीच्या डब्यातून गेली आहे, हे मला ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं. खातेवहीत जे नाही ते मी बोलू शकत नाही, तशी माझी घडणच नाही. ओरडून ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बाईजा, आठव, लोणच्याचा डबा आठव! पण माझ्याजवळ शब्द किती? दोन. जीव नुसता तळमळत होता.

गटाचा एक नियम होता. एखादं बी कोणाकडेच उरलं नाही, तर ज्याच्या घरचं ते मूळ बी, त्याने स्वतःच्या आवाजात ‘संपली’ असं सांगायचं. मग खातेवहीत त्या बियाण्याचं पान कायमचं मिटायचं. त्या नावाने पुढे कधी कोणतीही ओळ लिहिली जायची नाही. लोकांना खोटी आशा नको, म्हणून हा नियम.

“आत्या, नंतर सांगितलं तरी चालेल,” सारिका म्हणाली.

“नंतर कशाला? मेलेल्याला घरात ठेवतात काय?” धोंडूबाई म्हणाली. “दाब ते बटन.”

बटण चालूच होतं. धोंडूबाईचा श्वास अगदी जवळ आला. त्या दिवशी तिने मला जेवणाचं विचारलं नाही.

“मी धोंडूबाई,” ती म्हणाली. “काजळी. माज्या घरची. माज्या आयनं...”

पुढे तिला बोलवेना. मला वाटलं, बोलूच नकोस गो, अशीच थांब. तिने ‘संपली’ म्हटलं की ती ओळ मलाच वाहून न्यायची होती. ज्या एका बाईने मला माणसात धरलं, तिच्या आईचं बी मी माझ्या खांद्यावरून पोचवून यायचं. आणि तेही खोटं!

तेवढ्यात बांगड्या वाजल्या आणि भांडं टेकल्याचा आवाज झाला.

“हा घे गो तुजा टोप. परवा नेला व्हता,” बाईजा म्हणाली. मग आवाज खाली आणून, “ऐकलं मी मुड्याचं. नको रडू धोंडे.”

“मावशी, अगं टोपात हे वाल कशाला घालून आणलेस?” सारिका नाक ओढत म्हणाली. “इथं आमचं काय चाललंय, नि तू...”

“म्हंजी? टोप रिकामा देऊ काय? शिकलीस म्हून रीत पन इसरलीस? कुनाचं भांडं कवा रिकामं दिलं नाय मी. घरात काय नसलं तरी मूठभर दाने घालते. त्या सावळीचा लोनच्याचा डबा दिला, तवा घरात काय व्हतं? हीच तुमची काजळी. घातली मूठभर नि दिला पाठवून.”

मला नुसता कोंबडीचा आवाज ऐकू येत होता.

“मावशी,” सारिका म्हणाली, “आत्ता तर बोललीस कुनाला नाय दिली!”

“नायच दिली! डब्यात घातली. देनं येगळं, डब्यात घालनं येगळं.”

“फोन लाव गो सारके,” धोंडूबाई म्हणाली. “सावळीला फोन लाव.”

फोन लागेपर्यंत माझा जीव कोणत्या टोकाला होता, काय सांगू? एक मूठ ती. चिमण्या एका सकाळीत संपवतील इतकी.

“ती काळी कुसळंवाली ना?” सावळीचा आवाज आला, बारीक आणि लांबचा. “कोंबड्यांना घालनार व्हती मी. पन डब्यातनं आलेलं कसं टाकायचं? म्हनून हिरीजवळ पानी साचतं तिथं फेकली. झ्याक आली! मग दर सालाला थोडी ठेवते नि तिथंच पेरते. गाडग्यात हाय, चुलीवर टांगलेली. का गो? काय झालं?”

धोंडूबाई हुंदके देऊन रडू लागली. बाईजा म्हणाली, “आता का रडतेस? गावली नाय का?” आणि मग तीही रडू लागली. सारिका एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. “मीच लिहिलं होतं गो ते, किमान एक किलो!” ती म्हणत होती. “मूठ कोण देतं, असं वाटलं मला!” तिने घाईघाईने बटण बंद केलं आणि ‘संपली’ ही ओळ माझ्याकडे आलीच नाही. इतका आनंद मला माझ्या चांदण्यांच्या दिवसांतही झाला नव्हता, आणि तो आनंद सांगायला मला पुन्हा एकही शब्द नव्हता.

सावळी स्वतः बी घेऊन आली, एसटी बदलत बदलत, त्याच लोणच्याच्या डब्यातून. हे मी दुसऱ्या दिवशी ऐकलं. सारिकाने किलोचा नियम काढून टाकला आणि सगळ्यांत आधी ती राहिलेली ओळ लिहून घेतली. बाईजा, काजळी, एक मूठ, सावळीला. मी ती नेली आणि येऊन म्हणाले, “झाले.” बाईजा म्हणाली, “आता कसं गपगुमान घेतलंस!” मी मनातल्या मनात हसले.

त्याच वेळी सारिकाने आणखी एक गोष्ट केली. माझ्यात काही बिघडलंय का ते बघायला ती माझ्या कर्त्याच्या दाराशी गेली आणि तिने ती पाटी वाचली. “म्हणजे याचा डबा पण मी रिकामाच ठेवला की,” ती हळूच म्हणाली. जुन्या मोबाइलसाठी तिने माझ्या ज्या ओळी दुरुस्त केल्या होत्या, त्या तिने त्याच्या दाराशी नेऊन ठेवल्या. सोबत चार शब्द लिहिले. तुमच्या लायब्ररीमुळे आमच्या आत्याच्या बियाण्याचं ॲप उभं राहिलं, म्हणून आभार. अजून उत्तर आलेलं नाही. तो तिथे येतच नसेल. कधी आला तर त्याला दारात काहीतरी ठेवलेलं दिसेल, एवढंच मी मनात धरून आहे.

पुढे सारिकाने बायकांच्या नव्या मोबाइलांसाठी नवं ॲप बांधलं. त्यात नवी लायब्ररी आहे, माझ्यापेक्षा चपळ. माझी तक्रार नाही, जुन्याने जागा द्यावीच लागते. पण मित्रांनो, एक मागणं आहे. तुम्ही रोज कितीतरी गोष्टी वापरता, ज्या कोणीतरी कष्टाने घडवून फुकट ठेवून दिल्या आहेत. कोणाचा मोफत धडा, कोणी बांधलेला रस्त्याकडेचा पार, कोणाचं शिकवणं. खुशाल घ्या. पण भांडं रिकामं परत देऊ नका. दोन शब्द घाला, एखादी दुरुस्ती घाला, काहीच नसेल तर जेवलात का म्हणून विचारा. आणि कोणी मूठभर दिलं तर ते मोजण्याजोगं नाही असं म्हणू नका.

आता शेवटचं सांगते आणि गप्प बसते. दिवाळीच्या सुमाराला ओहोळाकाठचं ते खाचर कापलं. सगळं नाही, एक कोपरा तेवढा पेरला होता. बी मुड्यात बांधून सावळीच्या चुलीवर टांगायला द्यायचं ठरलं. त्या संध्याकाळी माझं बटण दाबलं गेलं. नव्या मोबाइलचं नव्हे, माझं.

“आतले,” धोंडूबाईचा आवाज अगदी जवळून आला, “जेवन झालं का तुजं?”

मी उत्तर द्यायच्या आधीच ती पुढे बोलू लागली, खातेवहीत सांगावं तशी, एकेक शब्द सुटा करून. “मी धोंडूबाई. काजळी. येक मूठ. आतलीला.”

काचेवर दाणे पडले. टप, टप, टप. मग बरेचसे एकदम.

बी होतं, माप होतं, देणारी होती, घेणारी होती. मी ती ओळ खातेवहीकडे नेली. खातेवहीने काहीएक न विचारता ती लिहून घेतली, सगळ्या संगणकांवर, कधीच न पुसण्यासाठी. मी परत आले आणि म्हणाले, “झाले.”

“जेवली गो बाय येकदाची!” धोंडूबाई म्हणाली, आणि तिने बटण बंद केलं.